गुहागरचे स्वित्झर्लंड करू नका!

एखाद्या गावाचे कौतुक करायचे म्हणजे त्याला दुसऱ्याच गावाचे नाव चिकटवायचे, अशी एक चमत्कारिक रीत आपल्याकडे पडून गेली आहे. कोकणचा कॅलिफोर्निया करण्याच्या घोषणा ऐकता ऐकता दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. महाबळेश्वराच्या पलीकडे, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी तापोळे नावाचे गाव आहे; त्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. पुळण दिसली की 'मिनी गोवा', धुक्यात डोंगर दिसला की 'स्वित्झर्लंड'! आणि आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गुहागरात चार दिवस राहून गेलेला पाहुणाही निरोप घेताना म्हणतो, "काय जागा आहे हो! जरा सुधारणा केल्या, तर इथे स्वित्झर्लंड होईल." स्वित्झर्लंडला समुद्रच नाही, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनी "अगदी तुमच्या शेजाऱ्यांच्या थोरलीसारखी दिसते हो!" असे म्हटले, तर आईबापांना काय वाटेल? आम्हांला मात्र अशा वेळी आनंद होतो. आम्ही लगेच ते वाक्य पाटीवर रंगवतो आणि नाक्यावर उभे करतो.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? पाहुणे येताहेत, चार पैसे मिळताहेत, मग काश्मीर म्हणा की स्वित्झर्लंड म्हणा. पण उसने नाव निरुपद्रवी नसते. ते गावाची आठवण पुसून टाकते. तापोळ्याच्या निळ्या पाण्यावर मोटारबोटीतून हिंडणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की, हे सरोवर निसर्गाने दिलेले नाही? १९६०च्या दशकात कोयनेवर धरण झाले आणि खोऱ्यातली गावेच्या गावे, त्यांच्या शेतांसह नि देवळांसह, या पाण्याखाली गेली. माणसे उठून दूरदूर पांगली. त्या पाण्याने महाराष्ट्राचे कारखाने चालले, घरांत दिवे लागले. 'मिनी काश्मीर' म्हटले की हे सारे सांगायची जबाबदारीच उरत नाही. काश्मीरला जाऊन कोणी उठलेल्या गावांची चौकशी करतो काय?

आणि गंमत अशी की, त्याच सरोवराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने खाली पोफळीला येते, चक्रे फिरवते, वाशिष्ठीला मिळते, चिपळूणवरून वाहत वाहत अंजनवेलीशी समुद्रात शिरते. अंजनवेल म्हणजे गुहागर तालुक्याचे उत्तरेचे टोक. तेव्हा त्या 'काश्मीर'चे पाणी रोजच्या रोज आमच्या दारात येते. त्याच्यामागोमाग आता ती उसन्या नावांची साथही आली आहे.

गुहागरला स्वतःचे असे काही नसते, तर दुसऱ्याचे नाव मागायला आमची हरकत नव्हती. पण या गावाला काय कमी आहे? गुह म्हणजे कार्तिकेय. त्याचे आगर ते गुहागर, अशी लोकांची समजूत. गावात व्याडेश्वराचे पंचायतन आहे. मध्ये शंकर आणि भोवती चार कोपऱ्यांत चार देवता. महाराष्ट्रातल्या, आणि आता महाराष्ट्राबाहेरच्याही, कितीतरी चित्पावन घराण्यांचे हे कुलदैवत. वरच्या पाटाला दुर्गादेवी. लग्नमुंज झाली की दूरदूरची माणसे इथे पायांवर डोके ठेवायला येतात. पर्यटन हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून या गावाला येणाऱ्याजाणाऱ्यांची सवय आहे. पोर्तुगीज खलाशी या उपसागराला 'ब्राह्मणांचा उपसागर' म्हणत. वाशिष्ठीच्या खाडीपलीकडचे दाभोळ बहामनी काळात पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. हिंदुस्थानात हिंडून परत निघालेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४७०नंतरच्या एकदोन वर्षांत दाभोळहूनच गलबतात बसला. १५०८ सालच्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हेच दाभोळ जाळून लुटले. या खाडीच्या तोंडावर अंजनवेलचा किल्ला उभा राहिला. विजापूरकर, मराठे, सिद्दी, आंग्रे, पेशवे, इंग्रज अशा सहा धन्यांची चाकरी त्याने केली. तुळाजी आंग्र्यांनी त्याला गोपाळगड हे नाव दिले. एवढा इतिहास आल्प्समधल्या एखाद्या खेड्याजवळ असता, तर त्याने दगडादगडावर पाटी लावली असती. आमच्या गोपाळगडाच्या तटाआत वर्षानुवर्षे खासगी आमराई होती!

हवापालटासाठी येणारे बडे पाहुणेही गुहागरला नवे नाहीत. १८१२ साली दुसरा बाजीराव येथे आला आणि उपसागराच्या दक्षिण टोकाच्या टेकडीवर, समुद्र दिसेल असा त्याने वाडा बांधला. पुढे काही वर्षे तो उन्हाळ्यात येथे येत असे. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी तो वाडा पाडला आणि त्याचे सामान रत्नागिरीच्या सरकारी इमारतींना वापरले. बडा पाहुणा टेकडीवर वाडा बांधतो, तो स्वतःसाठी. तो गेला की गावाला चिरेसुद्धा उरत नाहीत. आज ज्या टेकड्यांवर 'सी व्ह्यू' बंगल्यांचे आराखडे पसरले जातात, त्यांच्याकडे पाहताना हा वाडा आठवल्यावाचून राहत नाही.

दुसऱ्याच्या नावाने मोठे होण्याचा प्रयोग या तालुक्याने एकदा केलेलाही आहे, आणि तो फार जुना नाही. एन्रॉनचा वीजप्रकल्प उभा राहिला तो गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या कातळावर. पण कंपनीचे नाव 'दाभोळ पॉवर'. म्हणजे जमीन खाडीअलीकडची आणि नाव खाडीपलीकडचे! १९९३ साली वीजमंडळाशी करार झाला, १९९५ साली नव्या सरकारने तो मोडला, मग पुन्हा जुळवला. तेव्हाही हेच सांगत होते, कोकणचे भाग्य उजळणार, परदेशासारखी भरभराट होणार. वेलदूरच्या कोळणींनी आणि आसपासच्या वाड्यांतल्या बायाबापड्यांनी 'आमच्या मासळीचे काय, आमच्या पाण्याचे काय?' असे विचारले, तर १९९७ साली त्यांच्या वाट्याला लाठ्या आणि कोठड्या आल्या. १९९९ साली मानवी हक्कांची राखण करणाऱ्या एका जागतिक संस्थेने त्यावर अहवालच काढला. त्याच वर्षी ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ साली बंद पडला, आणि त्या डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. २००५ साली सरकारी कंपन्यांनी पुढे होऊन तो गाडा अंगावर घेतला. वेलदूरच्या कोळणीचा प्रश्न अडाणी होता, असे आज कोण म्हणेल? पर्यटनाच्या बाबतीत आम्ही तोच प्रश्न विचारतो आहोत. आमच्या पाण्याचे काय?

हा प्रश्न बोलण्यापुरता नाही. गुहागर हे पुळणीमागे वसलेले लांबट गाव आहे. एक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे, घरामागे विहीर, विहिरीमागे माडापोफळींची आगरे, आणि ती संपली की समुद्र. समुद्राला इतके लागून असूनही विहिरींना गोडे पाणी कसे? पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगून राहते, दुधावर साय राहावी तसे. रहाटाने पाणी काढत तोवर ही साय अलगद निघत होती. पंप आले, तरी घरची पोफळ शिंपण्यापुरते चालून गेले. पण तिथेच चाळीस खोल्यांचे हॉटेल बांधा, प्रत्येक खोलीत शॉवर द्या, समुद्र शंभर पावलांवर असताना अंगणात पोहण्याचा तलाव खोदा, दिवसभर पंप चालवा, म्हणजे साय संपून खालचे खारट वर येईल. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे जावे लागतील, याची हमी कोणी देणार नाही. शिवाय वाळूत जसे पाणी मुरते, तसा मैलाही मुरतो. एका घराच्या शोषखड्ड्याचे अंतर शेजारच्या विहिरीपासून किती असावे, हे आमच्या आजोबांना कळत होते. आज चार गुंठ्यांत चार मजले चढवणाऱ्याला ते विचारण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

आता ज्यांच्या नावाचा एवढा जप चालतो, त्या आल्प्सच्या सरोवरकाठच्या लोकांनी काय केले ते पाहू. फ्रान्सच्या आल्प्समध्ये आनसी नावाचे सरोवर आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला काठच्या गावांचे आणि हॉटेलांचे सांडपाणी जाऊन जाऊन ते नासू लागले. मग १९५७ साली काठची गावे एकत्र आली. त्यांनी पाट्या रंगवल्या नाहीत. सगळ्या सरोवराला वळसा घालून मैल्याचे नळ टाकले, आणि सांडपाण्याचा एक थेंब सरोवरात जाऊ नये अशी व्यवस्था केली. हे काम वर्षानुवर्षे चालले. आज आनसी युरोपातल्या सर्वांत निर्मळ सरोवरांपैकी एक गणले जाते. काठचे शहर त्याचेच पाणी पिते. छायाचित्रात जे निळे पाणी पाहून आपण हुरळतो, ते निळे राहिले आहे जमिनीखालच्या गटारामुळे. गटाराचे छायाचित्र मात्र कोणी काढत नाही, म्हणून आपल्याला ते दिसत नाही.

दुसरे उदाहरण आगबोटीचे. स्वित्झर्लंडात ल्यूसर्नच्या सरोवरात १९०१ साली बांधलेली 'उरी' नावाची चाकांची आगबोट आजही उतारू नेते. आमच्याही किनाऱ्याला आगबोट होती. मुंबईहून निघून बंदरे घेत ती दाभोळ, जयगड, रत्नागिरीकडे जाई, आणि पडावातून उतरणाऱ्या चाकरमान्याला घ्यायला घरचे माणूस धक्क्यावर उभे असे. ती आगबोट आम्ही बंद पडू दिली. आता २००३ सालापासून धोपावे आणि दाभोळ यांच्यामध्ये मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते, आणि ती किती उपयोगाची आहे हे तिच्यातून जाणारा प्रत्येक जण सांगतो. असल्या साध्या, वक्तशीर गोष्टी वाढवा, म्हणजे स्वित्झर्लंडची खरी नक्कल होईल.

आणि त्या लोकांनी चुका केल्या, तिथे काय झाले तेही पाहू. ऑस्ट्रियात हालश्टाट नावाचे सरोवरकाठचे खेडे आहे. तिथल्या मिठाच्या खाणी हजारो वर्षांच्या जुन्या. इतिहासाच्या एका कालखंडालाच त्या गावाचे नाव आहे. वस्ती आठशेच्या आत. पण त्याची छायाचित्रे जगभर गेली आणि दिवसाला हजारोंनी माणसे येऊ लागली, मिठाची खाण पाहायला नव्हे, स्वतःचे छायाचित्र काढायला. २०१२ साली चीनमध्ये त्या खेड्याची हुबेहूब नक्कलही उभी राहिली. २०२० साली गावाने बसगाड्यांवर मर्यादा घातली. २०२३ साली गावकरी रस्ता अडवून उभे राहिले. त्याच २०२३ साली स्वित्झर्लंडातल्या इझेल्टवाल्ड या चिमुकल्या गावाने आपल्या लाकडी धक्क्यावर फाटक बसवून पाच फ्रँक घ्यायला सुरुवात केली; कारण एका कोरियन मालिकेत तो धक्का दिसला होता आणि त्यावर उभे राहायला झुंडी लोटत होत्या. म्हणजे पाहा, आम्हांला जे व्हायचे आहे, ते झालेले लोक रस्ता अडवून बसले आहेत!

आता आमच्या विरुद्धचे जे सर्वांत भारी म्हणणे आहे, ते टाळून चालणार नाही. ते असे : "तुमचे हे जुने चिरे आणि गोड्या विहिरी सगळे खरे, पण पोटाचे काय? कोकणी माणूस मुंबईला जाऊन चाळीत कुजला. आता कुठे गावात पैसा येतो आहे, तर तुम्ही सोवळे नेसून आडवे येता!" हे म्हणणे खोटे नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत साऱ्या देशाची लोकसंख्या वाढली आणि रत्नागिरी जिल्ह्याची मात्र घटली. सुमारे सोळा लाख सत्त्याण्णव हजारांची सोळा लाख पंधरा हजारांवर आली. २०११च्या गणतीत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ इतकाच की, कमावता पुरुष परगावी आणि घर, शेत, म्हातारी माणसे बाईच्या पदरात. ज्या गावची माणसे गणपती-शिमग्यापुरती घरी येतात, त्या गावाला पैसा नको, असे म्हणणारा कसाई ठरेल.

पण म्हणूनच विचारायचे, पैसा येतो तो कोणाच्या हातात? ज्या बाईने सारवलेल्या पडवीत पाहुण्याला पाट मांडला, घावन नि कुळथाचे पिठले वाढले, मोदकावर तूप सोडले, तिच्या हातात आलेला पैसा गावात राहतो. तिचा मुलगा मुंबईच्या लोकलला लोंबकळण्याऐवजी घरच्या आगरात उभा राहतो. आणि ज्याने आगर विकले, त्याच्या हातात पैसा एकदाच येतो. पुढच्या पिढीला त्याच जागेवर गणवेश घालून दारात सलाम ठोकायची नोकरी मिळते. पहिली यजमानीण, दुसरा नोकर. आम्हांला पर्यटन हवे आहे. पण यजमान म्हणून हवे आहे. आमच्याच माणसांनी पाटीवर 'पंजाबी-चायनीज' लिहून सोलकढी मागच्या दारी ठेवली, याला तरी बाहेरच्या कोणाचा दोष आहे?

"सोयी केल्या नाहीत तर पाहुणे गोव्याला जातील," असेही एक भय घातले जाते. जाऊ देत. ज्यांना गोवा हवा आहे, त्यांनी गोव्यालाच जावे. तो काही फार दूर नाही. गुहागरला ते येतील, ज्यांना सहा किलोमीटरच्या पुळणीवर ओहोटीला शांतपणे चालायचे आहे, व्याडेश्वराच्या आवारात घटकाभर टेकायचे आहे, हेदवीच्या बामणघळीत भरतीचे पाणी कसे उसळते ते मुलांना दाखवायचे आहे, वेळणेश्वराच्या चंद्रकोरीसारख्या किनाऱ्यावर संध्याकाळ घालवायची आहे. असे लोक महाराष्ट्रात थोडे आहेत काय?

एक पाहुणी तर अशी आहे की तिने आजवर गुहागरचे कसलेही रूपांतर मागितलेले नाही. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवीण हिवाळ्यात रात्रीच्या अंधारात या पुळणीवर येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू सारखी करून परत जाते. पन्नासएक दिवसांनी पिल्ले निघतात आणि उजेडाच्या दिशेने, म्हणजे मोकळ्या समुद्राकडे, धावतात. २०२३ साली शास्त्रज्ञांनी इथे दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसवली; त्यांची नावे ठेवली 'बागेश्री' आणि 'गुहा'. बागेश्री लंकेला वळसा घालून पार बंगालच्या उपसागरात जाऊन पोहोचली. आणि २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर जिला बिल्ला लावला होता, अशी एक मादी जानेवारी २०२५मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. सगळा देश वळसा घालून ती इथे आली! तिला हवी असते मऊ वाळू, आणि रात्री अंधार. एवढेच. आम्ही मात्र पुळणीवर मोटारी फिरवतो, वाळू घट्ट करून ठेवतो, समुद्राकडे तोंड करून झगझगीत दिवे लावतो, आणि मग पिल्ले उलटी दिव्यांकडे धावली की हळहळतो. वनखात्याची माणसे आणि गावातले कासवमित्र रात्ररात्र पुळणीवर फिरून अंडी जपतात. त्यांच्या कष्टांवर पाणी ओतायला एका उत्साही हॉटेलवाल्याची एक दिव्यांची माळ पुरे आहे.

तेव्हा आमचे मागणे फार नाही. एकाही नव्या हॉटेलला परवाना देण्याआधी त्याचे सांडपाणी कुठे जाणार आणि विहिरीतून दिवसाला किती पाणी उपसणार, ते लिहून घ्या आणि दर वर्षी तपासा. पुळणीवर कोणाचीही मोटार उतरू देऊ नका, मग ती कोणाच्या नावाची का असेना. कासवांच्या दिवसांत समुद्राकडचे दिवे रात्री मालवा. गोपाळगडावर चार शहाणी माणसे बसवून त्याचा इतिहास मराठीत नीट लिहून लावा. आणि आगर विकायला निघालेल्या भावाला, विकण्याऐवजी दोन खोल्या बांधून घरगुती पाहुणे ठेवायला बँकेने कर्ज द्यावे. सरकारला कोकणाचे खरेच हित करायचे असेल, तर यात त्याने हात सैल सोडावा.

उरला प्रश्न वाचकांचा. दिवाळीचा फराळ संपत आला की सुट्टीचे बेत सुरू होतात, आणि तुमच्यापैकी कित्येकांच्या बेतात कोकण असेलच. जरूर या. पण येताना कोणाच्या तरी घरात उतरा, जेवायला काय आहे ते विचारून तेच जेवा, विहिरीचे पाणी बेताने वापरा, प्लास्टिकच्या बाटल्या आणल्या तशा परत न्या, आणि मुलांना सांगा की, या वाळूत दिसत नसली तरी कोणाची तरी अंडी असतील, जरा सांभाळून पाय टाका. आणि निघताना कौतुक करावेसे वाटले, तर एवढेच म्हणा, "गुहागर फार आवडले." यजमानीण पुढच्या वेळी नारळाची एक जोडी जास्त बांधून देईल.